वसंतात रान पायी पाहावे

वसंताला ऋतुराज म्हणतात. हे नाव कानी पडताच शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. आंब्याला मोहोर आला आहे, मंद वारा वाहत आहे, आणि कोकिळा गोड गळ्याने गात आहे. निबंधाच्या वह्यांतून हे चित्र वर्षानुवर्षे उतरत आले आहे. त्यात वावगे फारसे नाही; पण ते पाहून काढलेले चित्र नव्हे, ऐकून काढलेले आहे. ज्याने कोकीळ एकदा तरी नीट पाहिला, त्याला ठाऊक असते की गाणारी कोकिळा नसून काळाभोर नर कोकीळ असतो. मादी ठिपकेदार व तपकिरी असते, आणि तिचा आवाज मुळीच तसा नसतो. एवढी साधी गोष्टही वहीत चुकीची उतरते; कारण लिहिणारा वहीपाशी बसलेला असतो आणि पक्षी झाडावर असतो.

वसंत खरोखर कसा असतो हे जाणावयाचे असेल, तर तो पायी चालून पाहावयास हवा. या म्हणण्याची सत्यता महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, सूरजागडच्या रानात, जितकी पटते तितकी क्वचितच कोठे पटेल.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक भूमी वनाने झाकलेली आहे. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली अशी गावे मागे टाकीत दक्षिणेकडे गेले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचे उंच वृक्ष दिसू लागतात. आलापल्लीजवळच्या रानाच्या एका तुकड्याला तर ‘वनवैभव’ असेच नाव आहे. तेथील फार जुने वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवले गेले, आणि २०१४ साली त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. पुढे एटापल्ली तालुका लागतो. त्या तालुक्यात सूरजागड हे गाव आणि त्याच नावाचा डोंगर आहे. हा प्रदेश माडिया गोंड लोकांचा. सूरजागडच्या डोंगरावर त्यांचा ठाकूरदेव आहे, आणि दरवर्षी जानेवारी महिन्यात तेथे यात्रा भरते.

पंचांगात चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने होत. सूरजागडचे रान मात्र पंचांगाची वाट पाहत नाही. माघ सरतो, फाल्गुन लागतो, आणि सागाची ताटाएवढी पाने वाळून खाली पडू लागतात. नवख्या माणसाला वाटते, हे रान मरू लागले आहे. फांद्या उघड्या पडतात, वाटा पाचोळ्याने भरून जातात, ओढ्यांचे पाणी डबक्या-डबक्यांत तुटते. अशा त्या उघड्या रानात एके सकाळी एखादी काटेसावर तांबड्या फुलांनी भरलेली दिसते. अंगावर एकही पान नाही, आणि प्रत्येक डहाळीवर मुठीएवढे फूल! मग पळस पेटतो. एक नव्हे, दोन नव्हे, साऱ्या माळावर केशरी ज्वाळा उठल्यासारख्या दिसतात. पुढे कोशिंबाला नवी पालवी फुटते. तिला कुसुमही म्हणतात. ही पालवी हिरवी नसते, तर लालबुंद असते. दुरून पाहणाऱ्याला तीही फुलेच वाटतात. मरू लागलेले वाटणारे ते रान खरे पाहता वर्षाच्या सर्वांत मोठ्या सणाची तयारी करीत असते.

या सणाला पाहुणेही पुष्कळ. सावर आणि पळस यांच्या फुलांत मध असतो, आणि ऐन कोरड्या दिवसांत तो पाखरांचा मोठा आधार असतो. मैना, कोतवाल, पोपट, बुलबुल यांची तेथे झुंबड उडते. अंगठ्याएवढा शिंजीर आपली वाकडी चोच फुलात बुडवतो. गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवेच्या थवे पळसावर उतरतात, म्हणून त्यांना पळसमैना असेही म्हणतात. त्या हिवाळ्यात भारतात येतात आणि उन्हाळा लागला, की दूर मध्य आशियाकडे परत जातात. जाण्यापूर्वीची त्यांची मेजवानी पळसावर होते. पाखरे मध पितात, त्यांच्या डोक्याला पराग लागतो, तो दुसऱ्या झाडावर जातो, आणि झाडाला बी धरते. कोणी कोणाला फुकट काही देत नाही, आणि तरीही साऱ्यांचे पोट भरते. रानातला हा व्यवहार ज्याने पळसाखाली घटकाभर उभे राहून पाहिला, त्याला परागीभवनाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, की हे सर्व मोटारीतूनही पाहता येते, चित्रपटातूनही पाहता येते. मग पायपीट कशाला? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. मोटारीतून रान दिसते, पण ते पळताना दिसते. पळस दिसतो, पण पळसावरचा शिंजीर दिसत नाही. चित्रपटात शिंजीर दिसतो, पण तो ज्याने टिपला त्याच्या डोळ्यांनी दिसतो. पाहणाऱ्याला शोधण्याचा आनंद मिळत नाही. शिवाय रान हे केवळ डोळ्यांनी पाहावयाचे नसतेच. तांबट पक्षी दुपारच्या उन्हात लोहाराच्या हातोडीसारखा टुक् टुक् करीत राहतो. तो पानांत असा लपतो, की कानांनीच त्याचा माग काढावा लागतो. मोहाच्या फुलांचा उग्र गोड वास वळणापलीकडूनच येतो. पाचोळ्यात खसखस झाली, तर ती सरड्याची, की सातभाई पक्ष्यांची, की रानकोंबड्याची, हे चालणारा थांबून ओळखू लागतो. ज्या कोंबड्या घरोघरी पाळल्या जातात, त्यांचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. पहाटे त्याची आरव ऐकली, की ती अंगणातल्या कोंबड्यासारखीच, पण तुटक वाटते, आणि ऐकणारा चकित होतो. पायी चालणाऱ्याचा वेग हाच रानाचा वेग आहे. त्याहून अधिक वेगाने जाणाऱ्यास रान आपल्या गोष्टी सांगत नाही.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी ‘शेकरू’ असे तत्काळ सांगतात. राज्यपक्षी कोणता, याचे उत्तरही ‘हरियाल’ असे ते न चुकता देतात. परीक्षेत गुण मिळतात. परंतु त्यांतील किती जणांनी ही दोन्ही नावे ज्यांची आहेत, त्यांना पाहिले असेल? शेकरू ही मोठी खार आहे. ती सह्याद्रीत आढळते, तशीच भामरागड व सिरोंचा या बाजूच्या दाट रानातही आढळते. ती जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर लांब उडी घेते, आणि तिची झुपकेदार शेपटी मागे निशाणासारखी वाटते. झाडे एकमेकांच्या जवळ असतील आणि त्यांचे शेंडे वर भिडलेले असतील, तरच तिचा मार्ग चालू राहतो. हरियाल म्हणजे हिरवट-पिवळे कबूतर. वड, पिंपळ, उंबर यांना फळे आली, की त्याचे थवे तेथे येतात. पण पानांच्या रंगात तो असा मिसळून जातो, की झाड रिकामेच वाटते. पाहणारा काही वेळ निश्चल उभा राहिला, तर एकेक पान हलू लागते आणि त्याचा पक्षी होतो! जे नाव पाठ केले ते परीक्षेनंतर विसरता येते. जो पक्षी असा शोधून पाहिला तो आयुष्यभर विसरता येत नाही.

आता दुसरा, याहून गंभीर आक्षेप. वसंतातल्या रानात फिरावे, फुले पाहावी, पाखरे ऐकावी, हे सारे ज्यांना रिकामा वेळ आहे त्यांचे सुख नव्हे काय? सूरजागडच्या परिसरातील माणसांना वसंतात रिकामा वेळ नसतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप खाली पडतात. पिवळसर पांढरी, रसाने भरलेली ती फुले उन्हे चढण्यापूर्वी वेचावी लागतात. त्यामुळे अजून अंधार असतानाच बायका व मुले टोपल्या घेऊन रानात जातात. वाकून वाकून पाठ धरते. वेचलेली फुले अंगणात वाळवावी लागतात. त्यांतील काही घरात खाण्यासाठी राहतात, काही बाजारात जातात. पुढे मोहाच्या बिया येतात, त्यांचे तेल निघते. चारोळी येते, तेंदूची पाने येतात. वर्षाच्या संसाराला लागणारा बराच पैसा याच दिवसांत हाती यावयाचा असतो. अशा माणसांना ‘वसंताचा आनंद घ्या’ असे सांगणे हा उद्धटपणा ठरेल, असे कोणाला वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु खरी गोष्ट उलट आहे. वसंत कोणाला अधिक ठाऊक आहे? निबंध लिहिणाऱ्या मुलाला, की पहाटे मोहाखाली वाकलेल्या माडिया मुलीला? कोणत्या झाडाचा मोह गोड, कोणत्या झाडाखाली फुले आधी पडतात, अस्वल कोणत्या बाजूने येते, हे तिला ठाऊक असते. वटवाघळे रात्री मोहावर येतात व त्याच्या परागीभवनास साहाय्य करतात, हे शास्त्रज्ञांनी पुस्तकात लिहिले. पण त्या झाडाखाली राहणाऱ्यांनी वटवाघळांचे येणे-जाणे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले असते. शेतासाठी जागा मोकळी करतानाही आदिवासी मोहाचे झाड सहसा तोडीत नाहीत. माडिया व गोंड लोकांत नव्या फुलांचे, नव्या फळांचे, बियांचे सण असतात. सणाला ते पंडुम म्हणतात. आधी पंडुम, मग नवे फळ तोंडात, अशी रीत आहे. जो समाज ऋतूचे पहिले फळ देवापुढे ठेवल्यावाचून खात नाही, त्याला वसंताचा आनंद ठाऊक नाही, असे कोण म्हणेल? श्रम आणि आनंद यांचे वैर असते, हा समज रिकाम्या माणसांचा आहे. ज्या गोष्टीकडे रोज लक्ष द्यावे लागते, तिच्यावरच माणसाचे प्रेम जडते.

यातून एक बोध घेण्यासारखा आहे. बाहेरच्या मुलाने सूरजागडच्या रानात जावे, तर शिकवावयास नव्हे, शिकावयास जावे. आणि गावातल्या कोणा जाणत्या माणसामागून चालावे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी आयुष्याचा मोठा भाग विदर्भातील रानांत घालविला. ते २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ साली निधन पावले. पशुपक्षी व झाडे यांची कितीतरी नावे त्यांनी रानात राहणाऱ्या माणसांकडून गोळा केली आणि मराठी भाषेत आणली. एवढ्या विद्वान माणसाने जंगलातल्या माणसांना गुरू मानले, यात त्यांचा मोठेपणा दिसतो, तसाच त्या माणसांचाही दिसतो.

रानात चालण्याची मोकळीक सर्वांना सहज मिळालेली नाही, हेही विसरता कामा नये. इंग्लंडमध्ये उंच माळरानांचे विस्तीर्ण प्रदेश आहेत. एके काळी त्यांतील बरेचसे मोठ्या जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवले होते, आणि सामान्यांना तेथे पाऊल टाकण्याची बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी, म्हणजे तेथील ऐन वसंतात, गिरण्यांत व कारखान्यांत राबणारे शेकडो तरुण ही बंदी मोडून किंडर स्काउट नावाच्या माळावर चढून गेले. त्यांतील काहींना तुरुंगवास घडला. त्यांची मागणी एवढीच होती, की आठवडाभर धुरात काम करणाऱ्या माणसाला एक दिवस माळावर चालता यावे. १९४९ साली तेथे राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागात मोकळेपणी फिरण्याविषयीचा कायदा झाला, आणि १९५१ साली ज्या प्रदेशात किंडर स्काउट आहे, तोच त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. सूरजागडच्या वाटांवरची अडचण निराळी होती. १९८० नंतरची अनेक वर्षे त्या भागावर नक्षलवादी हिंसेचे सावट होते. वाटेने जाणे धोक्याचे होते, आणि त्याचा सर्वांत मोठा जाच तेथील रहिवाशांनाच झाला. निर्भयपणे पायवाटेने चालता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार?

मात्र जेथे हक्क आला तेथे कर्तव्यही आले. इंग्लंडमधील ज्या माळांवर आज सर्वांना फिरता येते, तेथे १ मार्च ते ३१ जुलै या काळात फिरणाऱ्याने आपले कुत्रे आखूड दोरीने बांधून न्यावे, असा कायदा आहे. कारण काय? तो काळ जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांचा असतो. सूरजागडच्या रानातही तेच आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. रातवा तर घरटे बांधतच नाही. पाचोळ्यावरच अंडी घालतो, आणि स्वतः पाचोळ्यासारखा दिसत असल्याने पायाखाली येईपर्यंत कोणास दिसत नाही. अशा दिवसांत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वणवा. मोहाची फुले स्पष्ट दिसावीत म्हणून, किंवा तेंदूला नवी पालवी जोमाने फुटावी म्हणून, झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो. आग लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण वारा त्याचे ऐकत नाही. पाहता पाहता डोंगर पेटतो. उडता येणारी पाखरे उडतात. अंडी, पिल्ले, कासवे आणि नुकती उगवलेली रोपे मात्र जळून जातात. मोहाखालची जागा झाडूनही स्वच्छ करता येते; जुनी लुगडी किंवा जाळी पसरली तर फुले मातीवाचून हाती येतात. थोडे श्रम वाचविण्यासाठी एवढे जीव गमावणे हा तोट्याचा सौदा आहे.

चालणाऱ्याचेही काही नियम आहेत. एकट्याने, विशेषतः पहाटे वा तिन्हीसांजेस, रानात जाऊ नये. अस्वलालाही मोहाची फुले अतिशय आवडतात, आणि अचानक समोर आलेल्या माणसाला भिऊन ते हल्ला करते. वाघाचा वावर असलेल्या भागात वनरक्षकांचे व गावकऱ्यांचे म्हणणे मोडू नये. फूल तोडण्यापेक्षा पाहावे. घरट्याजवळ रेंगाळू नये, कारण माणूस जवळ असेपर्यंत पक्षीण पिल्लांपाशी येत नाही. गलोल घरीच ठेवावी. नेम धरण्याचे कौशल्य ज्याच्या डोळ्यांत आहे, त्याने तेच डोळे पाहण्यासाठी वापरावेत. पाखरू मारणाऱ्याला ते एकदाच मिळते, पाहणाऱ्याला ते दरवर्षी मिळते.

सूरजागडचे नाव आज पुष्कळांना ठाऊक आहे. पण ते त्याच्या वसंतामुळे नव्हे, लोखंडामुळे. त्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ साली सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्रावर खाणपट्टा मंजूर झाला. २०१६ साली खनिज काढण्यास आरंभ झाला, मध्ये काम थांबले, आणि २०२१ पासून ते पुन्हा सुरू होऊन वाढत गेले. लोखंड सर्वांनाच लागते. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ, नदीवरचा पूल, रुग्णालयातील खाट, आणि रानात जाणाऱ्या मुलाची सायकलही लोखंडाचीच. खाणीमुळे कित्येकांना काम मिळाले, हेही खरे आहे. ज्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, तोच फोडला जात असल्याचे दुःख अनेक माडिया कुटुंबांना आहे, आणि त्यांनी ते वेळोवेळी बोलून दाखविले आहे, हेही तितकेच खरे आहे.

अशा वेळी न्याय कसा करावा? दोन वस्तूंची तुलना करावयाची तर दोन्हींचे मोल ठाऊक असावे लागते. लोखंडाचे मोल काढणे सोपे आहे. ते टनांत मोजता येते, त्याचा भाव रोज ठरतो. वसंताचे मोल कशात मोजावे? मोहाची फुले बाजारात विकली जातात, म्हणून त्यांची किंमत तरी कळते. पण शेकरूचा झाडांवरून जाणारा मार्ग, ओढ्याला चैत्रातही टिकून राहणारे पाणी, डोंगरावर देव आहे या भावनेतून आलेला धीर, यांची नोंद कोणत्या वहीत होते? नोंद नाही म्हणून त्यांचे मोल शून्य धरले जाते, आणि शून्य धरलेली वस्तू हिशेबात प्रथम हरवते. हिशेब करणारा अप्रामाणिक असतो असे नव्हे. त्याला ती वस्तू ठाऊकच नसते. ज्याचे नाव माहीत नाही, ते गेल्याचेही कळत नाही.

म्हणून वसंतात रानात चालणे ही केवळ मौज नव्हे. ती साक्षीदार होण्याची तयारी आहे. आज बारा वर्षांचे असलेले मूल उद्या ग्रामसभेत बसेल, अभियंता होईल, वनाधिकारी होईल, किंवा खाणीत काम करील. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानालगतच्या गावांना आपल्या सामूहिक वनावर हक्क सांगण्याचा मार्ग मोकळा केला. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला, आणि देशभर त्याचे नाव झाले. असे हक्क कागदावर मिळतात. ते सांभाळण्यासाठी मात्र रान ओळखणारी माणसे लागतात. रानातले कोणते झाड ठेवावे, कोणता उतार राखावा, कोठे मुळीच हात लावू नये, हे ठरविण्याची पाळी त्या मुलांवर येणार आहे. त्या वेळी पाठ केलेली व्याख्या उपयोगी पडणार नाही. लहानपणी पाहिलेला पळस आणि ऐकलेला तांबट उपयोगी पडेल.

सूरजागड सर्वांच्या जवळ नाही, आणि सर्वांनी तेथे गर्दी करावी असेही नाही. वसंत काही एका डोंगरावरच उतरत नाही. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने गावोगावचे पळस पाहिले असले पाहिजेत. प्रत्येक गावाला कोठेतरी एक माळ असतो, बोडी असते, ओढ्याचा काठ असतो. शहरातल्या मुलालाही शाळेच्या वाटेवर एखादा पांगारा, एखादा बहावा भेटतो. त्याने एक वही करावी. पळसाचे पहिले फूल कोणत्या तारखेला दिसले, कोकीळ प्रथम केव्हा ओरडला, नीलपंख आकाशात कोलांट्या खाताना कधी दिसला, हे त्या वहीत लिहावे. ही पोरखेळाची गोष्ट नव्हे. जपानमधील क्योतो या नगरीत चेरीची झाडे केव्हा फुलली, याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. उत्सवाच्या आनंदात कोणी कोणी लिहून ठेवलेल्या त्या तारखांवरून आज शास्त्रज्ञांना कळते, की गेल्या शंभर वर्षांत फुले पूर्वीपेक्षा लवकर फुलू लागली आहेत, म्हणजेच तेथील वसंत अधिक उष्ण झाला आहे. ज्यांनी त्या तारखा लिहिल्या, त्यांना आपण शास्त्राची सेवा करीत आहोत याची कल्पनाही नव्हती. त्यांनी केवळ फुलांकडे लक्ष दिले होते, आणि पाहिले ते लिहून ठेवले होते.

सूरजागडच्या पायवाटेवर आजही फाल्गुनात पाचोळा पडतो, पहाटे मोह टपटपतो, आणि उघड्या फांदीवर सावर फुलते. ते पाहण्यास पैसा लागत नाही, विद्वत्ता लागत नाही. लागतात ते दोन पाय, थोडे मौन, आणि वाट दाखविणाऱ्या जाणत्या माणसाविषयी आदर. एवढे ज्याच्यापाशी आहे, त्याने वसंताचे वर्णन पुस्तकातून उतरून घेण्याची गरज नाही. त्याच्या वहीतील कोकीळ नर असेल, त्याच्या पळसावर भोरड्या असतील, आणि त्याच्या मोहाखाली टोपली घेऊन वाकलेली एक मुलगी असेल. तो वसंत खरा असेल. आणि पुढे कधी त्या वसंतावर संकट आले, तर काय जात आहे हे सांगणारा एक माणूस तरी असेल.